हॉलचा गालिचा निळा आहे

सोमवार, ८ सप्टेंबर

गालिचा मेला म्हणे. कापेम्ब्वा साहेबांनी आज हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. बुटाच्या टोकानं टोचून दाखवलं, रस्त्यात पडलेलं कुत्रं टोचावं तसं. "हा मेलाय, बाई. आता टाइल्स."

टाइल्स पुसायला दोन बायका पुरतात. आम्ही पाच आहोत. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण आमची म्वीझा तिथेच डोळे पुसायला लागली. म्हटलं, रड नंतर, आधी बादली उचल.

या मका संघाच्या इमारतीत मला चौदा वर्षं झाली. साहेबाला सहा महिने. आल्या आल्या यानंच बाहेरची माणसं आणली, त्यांनी कपड्याचा साबण बादल्याबादल्यांनी ओतला आणि तसेच निघून गेले. साबण लवेत राहिला. राहिलेला साबण धूळ धरतो, गुळाला मुंग्या लागाव्यात तसा. तेव्हापासून गालिचा काळा. आणि मेला कोण? गालिचा!

मी बोलले. "मेला नाही, साहेब. साबण पाजून पाडलाय त्याला. मला महिना द्या."

"आणि महिन्यानं नाही उठला तर?"

"९ ऑक्टोबरला तुमची मोठी सभा. त्या दिवशी हॉलमध्ये एक डाग दाखवा. मग खुशाल टाइल्स घाला, आणि त्या दोन बायकांत मला धरू नका."

हे मी काय बोलून बसले! पण बोलले ते बोलले.

ही वही ल्वेंडोनं दिली. माझी मुलगी, लिव्हिंगस्टनला नर्स आहे. म्हणाली, "आई, कामावरचं लिहून काढत जा, म्हणजे लोकांवर ओरडायचं कमी होईल." मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर गिरबिड आहे. कुणाला वाचायचंय?

बुधवार, १० सप्टेंबर

कोठीतलं जुनं मशीन काढलं. पाणी मारतं आणि लगेच ओढून घेतं, ते. नळी फाटलेली. सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं आवळली. चालतं! भुंकतं, पण चालतं.

साबण एक थेंब नाही. नुसतं कढत पाणी, त्यात थोडं व्हिनेगर. पहिल्या हाताला फेस आला. मी साबण घातलाच नव्हता, तरी फेस! मागच्या सहा महिन्यांचा होता तो. साहेबांना बोलावून बादली दाखवली. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बरं, बरं."

माझी पद्धत अशी: कामाला सुरुवात अध्यक्षांच्या खुर्चीपासून. मान त्या जागेचा. तिथली किनार मी स्वतः गुडघ्यांवर बसून हातानं घासते, मशीन मागून येतं. म्वीझा म्हणते, "मधूनच सुरू करू की." मधून सुरू करायला ही काय मक्याच्या न्शिमाची ताटली आहे?

गुडघे या वयात काय साथ देणार. पण माझ्या गाद्या आहेत. जुन्या तपकिरी गालिच्याच्या तुकड्यांतून मीच शिवल्या, गुडघ्याला नाडीनं बांधायच्या. नऊ वर्षं झाली. दुकानातल्या कशा असतात, मला ठाऊक नाही आणि नको.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

निळा! गालिचा निळा आहे!

चौदा वर्षांत मी तो राखाडीच धरून चालले होते. आज तिसऱ्यांदा पाणी ओढल्यावर भिंतीकडची पट्टी पालटली. सांजेच्या आभाळासारखा निळा. कारकून बघायला आले. एक जण म्हणाला, "रंग दिला का, ल्वेंडोची आई?" म्हटलं, हो, तुझ्या बापानं ब्रश धरला होता.

नामाकाऊ चहाचा ट्रे घेऊन आली ती दारातच थांबली. चपला काढल्या. संघात चहापाणी तीच बघते. तिचे लोक लोझी, आम्ही टोंगा; जुन्या काळी त्यांनी आमची गुरं पळवली म्हणे. एकमेकींना टोमणा मारला नाही तर लोक विचारतात, आजारी आहेस का.

"अगं गुरंचोरांच्या लेकी, ये की आत," मी म्हटलं.

"तुमची गुरं आमच्याकडे जास्त सुखात होती," ती म्हणाली. "इतकं निळं तर त्यांनी पाणीसुद्धा बघितलं नव्हतं तुमच्याकडे."

हसून हसून मशीन बंद पडलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

सुट्टी. घरी दारापुढचा ओटा लाल केला. गाद्या घरी आणल्याच होत्या. दोन हात पॉलिश, मग नारळाच्या शेंडीचा ब्रश, मग लोकरी चिंधी. तोंड दिसतं त्यात! शेजारीण तीनदा काही ना काही मागायला आली. मीठ न्यायला कुणी पावडर लावून येतं का? बघायला आली होती. बघ म्हणावं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

डाग आले.

दारापासून आत लाल वाट. बोटभर रुंद नाही, चांगली हातभर. आणि अध्यक्षांच्या खुर्चीपुढे दोन गोल, शेजारी शेजारी, बशीएवढे. लालच.

काल सकाळी मी स्वतः तिथे घासलं होतं. दुपारी एक चीफसाहेब, म्हणजे गावांचे राजे, आले, छोटी बैठक झाली. आज हे.

साहेबांनी बघितलं. टाइलवाल्याला फोन लावला, माझ्यादेखत.

पाण्यानं घासलं. फिकट होतो, वाळला की पुन्हा वर येतो. म्वीझा म्हणाली, "खालची माती वर येतेय." मातीच असेल. इथे सगळंच लाल आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

माती नाही!

पांढरं फडकं पाण्यात भिजवून दाबलं, फडकं पांढरंच. रॉकेलमध्ये भिजवून दाबलं, लाल. माती रॉकेलला कशाला विरघळेल? वास घेतला. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. पॉलिश.

फडकं घेऊन थेट बाहेर. समोर पायऱ्या. लालभडक, चकचकीत, सात पायऱ्या. अख्ख्या रस्त्यावर अशा पायऱ्या नाहीत. बा काकोमा, आमचा म्हातारा शिपाई, दर शुक्रवारी स्वतः बसून चढवतो. एकवीस वर्षं. लोक बुटांनी त्या तुडवतात आणि तेच तळवे माझ्या गालिच्यावर पुसतात. आधी काळ्यावर दिसत नव्हतं. आता निळ्यावर दिसतं.

मी फडकं त्यांच्या नाकासमोर धरलं. "बा काकोमा, हे बघा काय केलंत."

त्यांनी ते हातात घेतलं, वास घेतला, घडी घालून परत दिलं. "माझ्या पायऱ्यांमुळे लोक या इमारतीला सलाम करतात, ल्वेंडोची आई. तुझा गालिचा आत आहे. आत कोण बघतंय?"

मग माझी जीभ सुटली. म्हाताऱ्या माणसाला बोलू नये ते बोलले. ते उठून गेले.

राहिले दोन गोल डाग. ते काही बुटांचे नव्हेत. बुटाचा गोल कुठे असतो? तिथे गुडघे कोण टेकतं? नामाकाऊ. चीफसाहेबांना पाणी द्यायचं तर गुडघे टेकूनच देतात, आमच्यात काय, तिच्यात काय. आणि बाहेरच्या पायरीवर बसून ती दुपारचं जेवते. झालं की मग!

कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "गुरं नेलीत ती नेलीत, आता गालिच्याला पण ठप्पे मारता होय? गुडघे धुऊन येत जा, बाई."

ती हसली. "मी पायरीवर बसते ते बसायच्या जागेवर, गुडघ्यांवर नाही." सगळे हसले.

पण मागे साहेब उभे होते. ते हसले नाहीत.

गुरुवार, १८ सप्टेंबर

नामाकाऊला मागच्या अंगणात घातलं, मोठी पातेली धुवायला. हॉलमध्ये यायचं नाही. साहेबांनी कागदावर लिहून दिलं: गालिचा खराब केल्याबद्दल.

जाताना माझ्यासमोरून गेली. "ल्वेंडोची आई, ते तुम्ही थट्टेत म्हणालात ना? साहेबांना सांगा तसं."

मी म्हटलं, "थट्टा ती थट्टा. डाग आहेतच ना?"

ती मागच्या दारानं बाहेर गेली. आठ वर्षं चीफ लोकांना पाणी देत होती. तिच्या हातच्या चहाला एक बुजुर्ग चीफ 'आईचा चहा' म्हणायचे.

डाग आहेत. मी खोटं बोलले नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

साहेबांकडे गेले. पायऱ्यांचं पॉलिश बंद करा म्हटलं. पांढरं फडकं, लाल फडकं, दोन्ही टेबलावर ठेवलं.

"टेबलावरून उचला ते," म्हणाले. मग म्हणाले, "पायऱ्या म्हणजे इमारतीचा चेहरा, बाई. तुम्ही मला चेहरा पुसायला सांगताय?"

"मग दारात जाड पायपुसणं तरी घाला. तीन पावलं लांब."

"टाइल्स घातल्या की पायपुसणंही नको आणि तुमचे प्रयोगही नकोत."

आपल्या घरचं पोतं आणलं, दोन आणली. एकाला एक शिवली. दारात घातली. साहेबांनी उचलून टाकली. मी परत घातली. आमचं दिवसभर हेच.

शनिवार, २० सप्टेंबर

सुट्टी घेतली नाही. दिवसभर लाल वाट उपसली. डागावर रॉकेल ओतायचं नाही, तळाचं रबर सोडतं. फडक्याला किंचित लावायचं, टिपायचं, घासायचं नाही. बाहेरून आत टिपायचं, नाहीतर डाग पसरतो. मग कढत पाणी, मग ओढणं. एका हातभर जागेला अर्धा तास. म्वीझा शिकली! तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तिला सांगितलं नाही.

घरचा ओटा तसाच. असू दे.

मंगळवार, २३ सप्टेंबर

खुर्चीपुढे गोल डाग नाहीत. एकही नाही. नामाकाऊ नाही आणि डाग नाहीत! सगळ्यांना सांगितलं, बघा. म्वीझा "हं" म्हणाली. तिच्या "हं"चा अर्थ काय लावायचा?

शनिवार, २७ सप्टेंबर

चुलतभावाच्या मयताला मोन्झेला गेले. रात्री बसमधून परत. पाय सुजले. लिहीत नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

वाट अर्धी गेली. पण रोज सकाळी दारात थोडी नवी लाली. एका हातानं काढतोय, दुसऱ्या हातानं घालतोय. पोत्यानं थोडं अडतं, सगळं नाही.

बा काकोमा अजून बोलत नाहीत. शुक्रवारी पॉलिश करतात, पण हल्ली माझ्याकडे बघून डबा झाकतात. जेवताना एकटे बसतात. मागच्या अंगणातल्या पातेल्यांच्या ढिगामागून नामाकाऊ त्यांना चहा देते. मी गेले की दोघंही गप्प. बरं. मला गप्पा मारायला वेळ कुठे आहे?

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे उन्हाळा, भाजतोय. एक फायदा: गालिचा दोन तासांत वाळतो. सगळ्या खिडक्या उघड्या, तीन पंखे. लाकडी दाताळ्यानं लव उभी केली. हॉल भरून निळा, लाल वाटसुद्धा गेली. आम्ही पाचही जणी भिंतीला टेकून उभ्या राहिलो आणि नुसतं बघत राहिलो. म्वीझा म्हणाली, "पाय ठेवायची भीती वाटते." तिला म्हटलं, तीच भीती संघाच्या सगळ्या बुटांना बसली पाहिजे.

सहा दिवस राहिले.

बुधवार, ८ ऑक्टोबर

साहेबांचा हुकूम: उद्या सभा, आज पायऱ्यांना दोनदा पॉलिश. शेजारच्या इमारतीपेक्षा चकाकल्या पाहिजेत!

मी हात जोडले. खरंच जोडले. "साहेब, उद्या दोनशे जण येणार. ओलं पॉलिश. दोनशे जोडी बूट."

"लोक आधी पायऱ्या बघतात," ते म्हणाले. त्यांचं लग्न कुणी लावलं देव जाणे. बायको घरी ओटा चकाकवत असणार.

बा काकोमांनी दोनदा चढवलं. दुपारपर्यंत. मी खिडकीतून बघत होते. दुसरा हात फिरवताना मध्येच थांबले, हॉलकडे वळून बघितलं. मग परत फिरवायला लागले.

घरी आले. चौघींना निरोप धाडले: पहाटे साडेपाचला, जुनी कापडं, खरवडण्या, घरात असेल तेवढं रॉकेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सगळं लिहिणार. हात दुखतोय तरी लिहिणार.

साडेपाचला फाटकाशी गेलो तर पायऱ्यांवर कुणीतरी आधीच बसलेलं. बा काकोमा. शेजारी रॉकेलचा डबा, हातात खरवडणी. तीन पायऱ्या उतरवून झाल्या होत्या.

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मी चढवलं, मीच उतरवीन. तू खालच्या बघ." मग खरवडता खरवडता, "काल खिडकीतून आत बघितलं. निळा आहे म्हणालीस, मला वाटलं थापा मारतेस."

सहा जणांनी सात पायऱ्या खरवडल्या. एकवीस वर्षांचे थर! पापुद्रे निघाले, झाडाच्या सालीसारखे. खाली करडं सिमेंट. रॉकेल, मग साबण, मग तीनदा पाणी, मग कोरडं फडकं. पांढरं फडकं फिरवलं. पांढरंच निघालं. पाऊण आठ वाजले होते.

आठला साहेब आले. गाडीतून उतरले आणि तिथेच उभे. पायऱ्या भस्म फासल्यासारख्या.

"हे काय! तुम्ही इमारतीला नागडं केलंत!"

मी काही म्हणणार तोच बा काकोमा पुढे झाले. "आंघोळ घातली, साहेब. आंघोळीला कपडे काढावेच लागतात."

साहेबांनी घड्याळ बघितलं. पण लोक यायला लागले होते. पुन्हा लाल करायला वेळ नव्हता. दोनशे जोडी बूट पायऱ्या चढले, आमच्या पोत्यांवर पुसले आणि आत गेले.

आम्ही पाची जणी मागच्या दारात उभ्या. अध्यक्षबाई आल्या. दारातच थबकल्या. खाली बघितलं.

"नवा गालिचा कधी घातला? मला विचारलं नाही कुणी."

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "जुनाच आहे, बाई."

"जुना? असा?" त्यांनी चक्क वाकून हातानं लव चाचपली. "मग माझ्या टेबलावर टाइल्सचा कागद कशाला आहे?"

त्या खुर्चीत बसल्या, तो कागद घडी केला, चहाच्या कपाखाली ठेवला. "याचं काम एवढंच. कुणी केलं हे?"

साहेबांनी मागे हात केला. दोनशे मुंडकी वळली. आमच्याकडे! म्वीझा माझ्यामागे लपली. मी नाही लपले.

सभा सुटल्यावर मी हॉलभर फिरले, पांढरं फडकं हातात घेऊन. अख्खा हॉल. दार, वाट, खुर्ची. एक डाग नाही. साहेब माझ्यामागून चालत होते, तेही वाकून बघत. शेवटी म्हणाले, "पाच राहतील." मी म्हटलं, "आणि पायपुसणं? तीन पावलं?" म्हणाले, "पाच पावलं."

एक गोष्ट. अध्यक्षबाईंनी चहा तोंडाला लावून खाली ठेवला. म्हणाल्या, "नामाकाऊ कुठे आहे? हा चहा पातेल्याचा लागतो." साहेब म्हणाले, ती मागे असते हल्ली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सगळ्या रस्त्यावर बातमी. समोरच्या विमा कंपनीच्या सफाईवाल्या बघायला आल्या. त्यांचा गालिचा हिरवा आहे म्हणतात. मी म्हटलं, तपकिरी म्हणजे हिरवा असेलही, साबण घालायचं बंद करा म्हणजे कळेल.

साहेबांनी मला "मुख्य बाई" म्हटलं. दोनदा. नव्या मशीनसाठी चौकशी लावलीय.

बा काकोमांना विचारलं, आता शुक्रवारी हातांनी काय करणार? त्यांनी दाताळं मागितलं. लव उभी करायला. देऊन टाकलं. काय हलका हात आहे म्हाताऱ्याचा!

आम्ही पाच होतो, आता सहा.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सुट्टी. महिन्यानं घरी. ओटा कसा पांढुरका पडला होता, शेजारीण खूश असणार. गाद्या बांधल्या, पॉलिश चढवलं, दोन हात. जिंकले त्याचा तिसरा. तोंड दिसतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

खुर्चीपुढे दोन गोल. शेजारी शेजारी, बशीएवढे. लाल.

नामाकाऊ महिनाभर हॉलमध्ये आलेली नाही.

काल सकाळी तिथे गुडघे टेकले होते ते मीच. गाद्या उलट्या करून पांढरं फडकं दाबलं, रॉकेलचं. लाल. शनिवारी ओट्यावर लागलेलं पॉलिश.

डाग दहा मिनिटांत काढला. कुणी बघितला नाही.

उद्या आधी साहेबांकडे. नामाकाऊला दिलेला कागद माझ्यासमोर फाडायला लावीन, डाग कुणाचे ते सांगून. मग मागच्या अंगणात. तिच्यापुढे गुडघे टेकीन. पातेल्यांपाशी, ओल्या सिमेंटवर. गाद्या न बांधता.